पाची बोटं सारखी नसतात, म्हणून काय?

"पाची बोटं सारखी नसतात, मग माणसांना सारखी वागणूक कशाला?" बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत हा दाखला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पहिला भाग खरा आहे. ताकद, उंची, बुद्धीचा कल जन्मतः वेगळा असू शकतो. पण त्यावरून कुणाला पंगतीत बसू द्यायचं, हे निसर्ग ठरवत नाही, माणसं ठरवतात. ज्या मुलाला कमी दिसतं त्याला पुढच्या बाकावर बसवतात, शाळेबाहेर नाही.

शिवाय 'जन्मजात' म्हणून दाखवलेला फरक पुष्कळदा संधीचा असतो. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ मध्ये इथल्या राजघराण्यात दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि अक्षरओळख नव्हती. शिक्षक मिळाले आणि तोच सयाजीराव महाराज झाला! त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही.

आणि त्यांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. त्यांची विद्या कुणी पाहिली नाही, फक्त जात पाहिली.