फळांचे चॉकलेट ट्रफल

फळांचे चॉकलेट ट्रफल : चॉकलेट आणि क्रीम एकजीव करून केलेल्या मऊ मिश्रणात फळाचा गर, साल किंवा सुकवलेले तुकडे घालून वळलेली, पेढ्याहून लहान, साधारण १० ते १५ ग्रॅमची गोळी. आतल्या मिश्रणाला गनाश म्हणतात. बाहेरून कोको पावडर, पिस्त्याची भरड, सुक्या खोबऱ्याचा कीस किंवा चॉकलेटचे पातळ कवच असते. ओव्हन लागत नाही, साचा लागत नाही, त्यामुळे चॉकलेटच्या कामातला हा सर्वांत सोपा पदार्थ मानला जातो. साध्या ट्रफलपुरते ते खरे आहे. फळ आले की हिशेब बदलतो, कारण फळ म्हणजे बहुतांशी पाणी.

ट्रफल हे मुळात एका बुरशीचे नाव. फ्रान्स-इटलीत ओक आणि हेझलच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी ही काळपट, खडबडीत, मातीने माखलेली गाठ कुत्र्यांकडून हुंगून काढतात आणि सोन्याच्या भावाने विकतात. कोको पावडरीत घोळवलेली, हाताने वळलेली चॉकलेटची गोळी तशीच दिसते म्हणून तिला हे नाव पडले. तेव्हा घरच्या ट्रफलची गोलाई वेडीवाकडी आली तर ओशाळण्याचे कारण नाही. यंत्रातून निघाल्यासारखे गुळगुळीत ट्रफल उलट नावाशी विसंगत. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातील शांबेरी या गावी ड्यूफूर नावाच्या कारागिराने १८९५ च्या नाताळात ते प्रथम केले असे परंपरेने सांगतात. लंडनमध्ये ट्रफलसाठी नावाजलेले प्रेस्टॅट हे दुकान १९०२ मध्ये आंत्वान ड्यूफूर यांनी काढले. ‘गनाश’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ घोड्याचा खालचा जबडा, आणि त्यावरून मठ्ठ माणूस. एका शिकाऊ उमेदवाराच्या हातून गरम क्रीम चॉकलेटवर सांडले आणि मालकाने त्याला ‘गनाश!’ म्हणून हासडले, अशी कथा आहे. असल्या कथांना पुरावा कुणी मागत नाही.

जवळच्या नातलगांशी गल्लत होऊ नये. ब्रुसेल्सचे चॉकलेट कारागीर नॉयहाउस यांनी १९१२ मध्ये आणलेल्या प्रालिनमध्ये आधी कडक कवच आणि मग आत सारण असते; ट्रफलमध्ये आधी सारण आणि कवच असलेच तर नंतर. ब्राझीलचे ब्रिगादेइरो कंडेन्स्ड मिल्क, लोणी आणि कोको आटवून करतात, आपल्या बर्फीच्या वाटेने जाणारा तो प्रकार. खजूर कुटून, कोको घालून वळलेल्या गोळ्यांनाही हल्ली ट्रफल म्हणतात. चव चांगली असते, पण तो खजुराचा लाडूच. आणि पुण्या-मुंबईच्या केकच्या दुकानात नुसते ‘ट्रफल द्या’ म्हटले तर हातात बहुधा गनाश थापलेल्या केकचा तुकडा येतो.

आता पाण्याचे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे बारीक कण कोको बटरमध्ये तरंगत असतात. त्यात चमचाभर पाणी शिरले की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि चमच्यावरून ओघळणारे चॉकलेट पाहता पाहता कोरड्या चिखलासारखे रवाळ होऊन बसते. डबल बॉयलरच्या, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या, भांड्याखाली जमलेली वाफ एवढ्यालाही पुरते. गंमत अशी की थोडे पाणी घात करते, भरपूर पाणी करत नाही. पाणी पुरेसे असले की साखर त्यात विरघळते आणि स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात पसरून राहतात, जसे दुधात राहतात. गनाश म्हणजे हेच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी १९९० च्या दशकात तर क्रीमला फाटा देऊन नुसते पाणी आणि चॉकलेट बर्फावर घोटून फेसाळ मूस करून दाखवले.

म्हणजे प्रश्न पाणी असावे की नसावे हा नाही, किती असावे हा आहे. वळता येईल अशा गनाशचे रूढ प्रमाण वजनाने असे : डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, मिल्क चॉकलेट अडीच भागांना एक, पांढरे चॉकलेट तीन भागांना एक. ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम धरले तर २०० ग्रॅम डार्क चॉकलेटबरोबर १०० ग्रॅम क्रीम, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम पाणी जाते. शंभर ग्रॅम चॉकलेटला तीस ग्रॅम पाणी, हा आकडा लक्षात ठेवला की कुठल्याही फळाचे गणित मांडता येते. स्ट्रॉबेरीत पाणी सुमारे ९१ टक्के, संत्र्यात ८७, आंब्यात ८३. क्रीमच्या जागी तेवढीच कच्च्या स्ट्रॉबेरीची प्युरी ओतली तर पाणी दीडपट होते आणि क्रीमचा स्निग्धांश शून्यावर येतो. अशा गनाशचे ट्रफल वळता येत नाही, ते आइसक्रीमवर ओतावे.

उपाय आपल्या ओळखीचा आहे : आटवणे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, जिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बाजारात असते. तिची पाव किलो प्युरी रुंद बुडाच्या पॅनमध्ये दोन चमचे साखर घालून मध्यम आचेवर ठेवावी. आधी गुलाबी फेस येतो, तो बसतो, मग बुडबुडे जड होत जातात आणि शेवटी ‘फद्‌ फद्‌’ असा आवाज करीत फुटतात. उलथन्याने पॅनच्या तळाशी रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की गॅस बंद. पाव किलोचे शंभर ग्रॅमच्या आत यायला हवे. डोळ्यांवर भिस्त ठेवू नये, पॅनसकट वजन करावे. या गराबरोबर २५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ५० ग्रॅम क्रीम घेतले तर पाणी वरच्या प्रमाणाच्या आसपास बसते आणि तीसेक ट्रफल होतात. ५५ टक्क्यांच्या आसपास कोको असलेले चॉकलेट इथे बरे. सत्तरच्या पुढे गेले की स्ट्रॉबेरी आहे हे सांगावे लागते.

क्रम महत्त्वाचा. आंबट गर गरम क्रीममध्ये थेट ओतला तर क्रीम नासते. म्हणून आधी उकळी फुटू लागलेले क्रीम बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतून मिनिटभर हात लावायचा नाही. मग मधोमध स्पॅच्युला धरून लहान लहान वर्तुळांत ढवळत बाहेर यायचे. क्रीम इतके थोडे असते की मिश्रण सुरुवातीला घट्ट आणि तेलकट दिसते. तिथे न घाबरता कोमट गर चमच्याचमच्याने मिसळत जायचे. मध्येच ते फाटल्यासारखे होते, कडेने तेल सुटते, आणि अर्धा गर पोटात गेला की अचानक एकजीव होऊन चकाकते. नाहीच झाले तर चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटावे. फाटलेले गनाश टाकून द्यायची वेळ सहसा येत नाही. चमचाभर लिक्विड ग्लुकोज किंवा मध घातला तर पोत मऊ राहतो. शेवटी मिश्रण कोमट असताना लोण्याचा लहान तुकडा घालून झाकून ठेवायचे. आपल्या हवेत सेट व्हायला फ्रिजच लागतो, रात्रभर. बाजारात कागदी खोक्यात मिळणारे फ्रेश क्रीम सहसा २५ टक्के स्निग्धांशाचे असते, म्हणजे त्यात पाणी जास्त. ते वापरताना गर आणखी थोडा आटवावा.

आंब्याच्या बाबतीत अर्धे काम कोकणाने आधीच करून ठेवले आहे. मे महिन्यात पातेल्यात तासन्‌तास ढवळून आटवलेला हापूसचा रस, जो वर्षभर आंबावडीसाठी बरणीत जपतात, तो ट्रफलला जवळजवळ तयार माल आहे. त्यात साखर असतेच, म्हणून वेगळी घालायची नाही. डबाबंद पल्प मात्र पातळ आणि गोड, तो आटवूनच घ्यावा. आंबा डार्क चॉकलेटपुढे टिकत नाही, त्याला पांढरे चॉकलेट लागते. त्यात कोकोचे घन कण नसतात, कोको बटर, दुधाची भुकटी आणि साखर एवढेच. ते फार गोड होते, म्हणून लिंबाची किसलेली साल आणि मिठाची कणी हवीच. आंबापोळीचे किंवा फणसपोळीचे कात्रीने बारीक कापलेले तुकडे घातले तर दाताखाली चिवटपणा येतो, तो काहींना आवडतो.

संत्र्याला पाण्याचा त्रास जवळपास नाही, कारण त्याचा वास रसात कमी आणि सालीच्या तेलात जास्त असतो, आणि ते तेल स्निग्धांशात उतरते. नागपुरी संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी थर किसून गरम क्रीममध्ये अर्धा तास झाकून ठेवायचा आणि गाळायचे. खालचा पांढरा भाग आला तर कडू होते. अननस, पपई आणि किवी कच्चे वापरू नयेत. त्यांतील प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) दुधातील प्रथिनांवर काम करतात आणि अननस-क्रीम तासाभरात कडवट लागू लागते. गर उकळला की विकरे निकामी होतात. सुके अंजीर, सुके जर्दाळू, मनुका यांत पाणी मुळातच थोडे. बारीक चिरून रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवून, निथळून, टिपून घ्यावे. फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून सुकवलेल्या, फळांची भुकटी सर्वांत निर्धोक, पण पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की तिचा लगदा होतो.

वळण्याचे तंत्र लाडवाचे नाही. लाडू हाताच्या उबेने बांधला जातो, ट्रफल त्याच उबेने बिघडते. चांगल्या चॉकलेटमधील कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सियसला वितळते, म्हणूनच ते जिभेवर विरघळते आणि तळहातावरही. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून कोरडे पुसावेत, चमच्याने काढलेले गोळे आधी पंधरा मिनिटे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि मग बोटांच्या टोकांनी दोन-तीन वळशांत काम उरकावे. एप्रिल-मेच्या दुपारी हा खटाटोप करू नये, सकाळी लवकर किंवा रात्री करावा.

चॉकलेटचे कवच द्यायचे तर टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन चॉकलेट गोठवणे, आले. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचवे रूप चकाकते आणि कट्‌ असा आवाज करीत तुटते. ते मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ पर्यंत निववून, पुन्हा ३१-३२ ला आणतात. या कटकटीतून सुटण्यासाठी आपल्याकडे घरगुती चॉकलेट करणारे बहुतेक जण कंपाउंड चॉकलेट वापरतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो, टेम्परिंग लागत नाही आणि उन्हाळ्यात ते तग धरते. कंपाउंडला नावे ठेवण्याची पद्धत आहे. बाहेरच्या कवचापुरते ते चालेल असे वाटते. गनाशमध्ये मात्र नाही, कारण तिथे चॉकलेट हीच चव असते आणि कंपाउंडचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो, मग फळ कितीही मन लावून आटवलेले असो.

ताज्या फळाच्या गराचे ट्रफल फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभरात संपवावे. साखर आणि चॉकलेट असले तरी आतले पाणी बुरशीला पुरते. खाण्याआधी अर्धा तास डबा बाहेर काढावा, पण बंदच ठेवावा. थंड ट्रफलवर दमट हवेतील पाणी बसले की कोको पावडर काळी, ओली होते, आणि कवच असल्यास सुकल्यावर त्यावर साखरेचा खरखरीत पांढरा थर येतो. तापून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर येणारा राखाडी थर वेगळा, तो कोको बटरचा. बोट फिरवले की तो पुसटतो, साखरेचा पुसटत नाही. दोन्ही खायला निर्धोक आहेत. अख्खी ताजी स्ट्रॉबेरी गनाशमध्ये गुंडाळून ‘ट्रफल’ करतात तिचा मात्र भरवसा धरू नये. काही तासांत आत पाणी सुटते आणि संध्याकाळपर्यंत गोळी खालून फुटलेली असते.