अंजनेरीचं कंदीलपुष्प आणि घरातला उंदीर

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर पावसाळ्यात कुणाला घेऊन गेलं की हमखास विचारतात, एवढ्याशा फुलासाठी डोंगर राखीव कशाला? मग मी उंदराचं सांगायला लागते.

शास्त्रीय नावं दोघांना स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञानेच दिली. १७५३ मध्ये या फुलांच्या सगळ्या गटाला सेरोपेजिया, म्हणजे मेणाचं कारंजं, आणि १७५८ मध्ये आपल्या घरातल्या काळ्या उंदराला. आपल्याकडे सेरोपेजियाला कंदीलपुष्प म्हणतात, खर्चुडी पण म्हणतात, आणि मला ते मेणाच्या कारंजापेक्षा जास्त पटतं.

उंदीर मूळचा आपल्या भारताकडचाच. माणसाच्या धान्यामागे लागला, गलबतांत बसून जगभर गेला, तीन आठवड्यांत व्यायचा आणि तीन-चार महिन्यांत पिल्लं पण वयात, त्यामुळे कुठेही टिकला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरांच्या पिसवांमुळे तो पसरतो हे दाखवलं, आणि १८९९ मध्ये आपल्या भगूरला सावरकर बंधूंचे वडील प्लेगनेच गेले. तेव्हापासून उंदराकडे सगळ्यांचंच लक्ष.

फुलाकडे मात्र कुणाचं नव्हतं. अंजनेरीचं हे कंदीलपुष्प नवीन जात म्हणून २००६ मध्ये नोंदलं गेलं, शिवाजी विद्यापीठाचे डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी, नाव सेरोपेजिया अंजनेरिका. म्हणजे शेकडो वर्षं लोक अंजनीमातेच्या दर्शनाला त्याच्या शेजारून गेले! पानं गवतासारखी, त्यामुळे गुडघे टेकून वाकल्याशिवाय दिसतच नाही. या कंदीलपुष्पांची गंमत म्हणजे चिलटं नळीत उतरतात, आतले केस खाली वळलेले असतात म्हणून अडकतात, मग केस सुकले की पराग अंगावर घेऊन बाहेर पडतात. असं एक-एक फुलाचं परागीभवन व्हायचं आणि तेही मोजक्या ठिकाणी, उंदरासारखं कुणाच्या पोत्यात बसून दुसरीकडे जायची सोय नाही. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं ते यासाठीही. नंतर वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या लोकांनी विरोध केला आणि तो करायलाच हवा होता.

फुलं बघायची तर गणपतीच्या आसपास या. त्यानंतर झाड वाळून जातं, जमिनीखाली फक्त कंद उरतो, वरून काहीच कळत नाही, म्हणून पठारावर कुठल्याही महिन्यात मळलेली वाट सोडू नका.