पितळी पुंगळीच्या बुडावरचे साल

सातारा जिल्ह्यातल्या फौजी घरांत कधीकधी कोपऱ्यात पितळेचे एक जाड नळकांडे दिसते, मोरपिसे खोचलेले. घरचे त्याला 'तोफेचा गोळा' म्हणतात आणि जुन्या बाजारात ते याच नावाने विकले जाते. तो गोळा नव्हे. गोळा शत्रूकडे जाऊन फुटतो. तोफेपाशी मागे पडते ती पुंगळी, म्हणजे बारूद भरायचे पितळी कवच. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेत दोन्ही काडतुसासारखे जोडलेले असत. नंतरच्या २५ पौंडीत आधी गोळा सारायचा, मग बारुदाच्या पिशव्या घातलेली पुंगळी. 'पौंडी' हे वजनही गोळ्याचे. पुंगळी तागडीत घालून ती १८ पौंड भरत नाही म्हणून बनावट ठरवणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे.

या दोन पुंगळ्यांतच सगळी गफलत होते. उंची दोन्हींची २९-३० सेंटीमीटर. तोफेच्या नळीचा आतला व्यास एकीचा ८३.८ मिलिमीटर, दुसरीचा ८७.६, नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. पण मधे एक महायुद्ध उलटलेले असते. म्हणून पुंगळी उलटी करून बूड वाचायचे: १८ की २५, पुढे 'पीआर' (म्हणजे 'पौंडर', पौंडी), कारखान्याची अक्षरे, सरकारी मालाची खूण असलेला बाण आणि साल. जर्मन पुंगळीवर बहुधा महिनाही सापडतो. फ्रेंच ७५ मिलिमीटरवर सालाचे शेवटचे दोनच आकडे असतात. चिंचेने वर्षानुवर्षे घासलेल्या बुडावर ही अक्षरे बोटाला लागतात, डोळ्यांना नाही. तिथे विजेरी आडवी धरावी.

खरा वाद सालाचा. विकणारे म्हणतात, १९१६ आहे म्हणजे १९१६ च्या लढाईतली. हे मला पटत नाही. ते साल पुंगळी घडवल्याचे, डागल्याचे नव्हे. पितळ महाग, त्यामुळे डागलेल्या पुंगळ्या गोळा करून, नीट करून पुन्हा भरत आणि त्याच्या खुणा बुडावर वेगळ्या ठोकत. १८ पौंडी तोफा दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होत्या, म्हणजे १९१६ ची पुंगळी पुढे कितीतरी वर्षांनी सरावाच्या मैदानावरही डागलेली असू शकते. साल एवढेच ठामपणे सांगते, की वस्तू याहून जुनी नाही.

पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले. या मुलखात पुंगळीला आजच्या इराकमधल्या बसऱ्याची, कूतची गोष्ट चिकटते ती उगीच नव्हे. मराठा पलटणी तिथे होत्याच. पण वेढ्यात सापडलेले कूत २९ एप्रिल १९१६ ला पडले आणि आतले शिपाई कैदेत गेले. बुडावर १९१७ असेल तर गोष्ट आजोबांची खरी असेल, पुंगळी दुसरीकडची. तिची किंमत गोष्टीवर लावू नये. २५ पौंडी तर १९६५ च्या युद्धातही होती. आजोबांची म्हणून दाखवलेली पुंगळी काकांच्या वेळची निघते.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने हे साल आणखी महत्त्वाचे झाले. शंभर वर्षे उलटलेली ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा दारूगोळ्याच्या सुट्या भागांनाही धरतो. जुळणाऱ्या भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना त्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. बुडाच्या मधोमध बारूद पेटवणारी टोपी असते; तिच्यावर तोफेच्या टाचणीचा खळगा दिसला नाही, तर ती टोपी जिवंत असू शकते. अशी पुंगळी हलवू नये, पोलिसांना कळवावे.