सांधेदुखीच्या चिठ्ठीत कॅन्सरचं औषध कुठून आलं?

इंदूरच्या दवा बाजारात मेथोट्रेक्सेटची पट्टी घेताना शेजारचा कुणी ‘हे तर कॅन्सरचं औषध ना?’ असं बोलून जातो आणि रामबागेतल्या एखाद्या घरात रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झालेल्या बायका या धास्तीपायी गोळ्याच बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. औषध कॅन्सरचं आहे हे खरंच. पण ते सांध्यांपर्यंत कसं पोचलं, हे गर्दीच्या ओपीडीत कुणी समजावून सांगत नाही.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. शरीर असं स्वतःवरच उलटेल, हे आधी डॉक्टरांनाही पटत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी शरीर असा घात स्वतःचा होऊ देत नाही, असं मांडलं. १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी रुग्णाच्याच तांबड्या पेशी फोडणारी अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारं रक्तातलं प्रथिन) दाखवली, तरी एर्लिख यांच्या शब्दाचं वजन बरीच वर्षं टिकलं.

चित्र पालटलं १९४८ मध्ये. इंदूरला महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज सुरू झालं तेच हे वर्ष. तिकडे अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या (शरीर स्वतःवर उलटण्याचाच आणखी एक आजार) रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पांढरी पेशी दिसली. ती दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली होती. केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी हे घडवतात, हे नंतर उलगडलं. अशा अँटिबॉडी रक्तात शोधणारी आजची एएनए तपासणी त्या वाटेवरचीच. मात्र १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १:८० या पातळीला, म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करून तपासल्यावर, निरोगी माणसांतलेही सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. तेव्हा त्रास काहीच नसताना नुसता रिपोर्ट बघून हातपाय गाळू नयेत.

१९४८ च्याच सप्टेंबरमध्ये, त्याच मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात ती बाजारहाट करून आली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. पण चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं हेही लवकरच दिसू लागलं आणि स्टेरॉइड कमी करता येईल अशा औषधांचा शोध सुरू झाला.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट इथे येते, आणि तिच्यात आपल्याकडचा एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत. त्यांच्या चमूने पेशींच्या वाढीला लागणारं जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, तयार केलं आणि फॉलिक ॲसिडचं काम अडवणारं ॲमिनोप्टेरिनही. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. तो अहवाल १९४८ चा. १९५१ मध्ये गुबनर यांनी ॲमिनोप्टेरिन आमवात आणि सोरायसिसवर वापरून पाहिलं, फरक पडला, पण कॉर्टिझोनच्या गाजावाजात कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली १९८८ मध्ये.

कॅन्सरमध्ये त्याचे डोस पार ग्रॅमपर्यंत जातात. आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. हे ‘एकदाच’ चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावं. चुकून रोज घेतल्यास रक्तातल्या पेशी घटून जिवावर बेतू शकतं. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी म्हणजे सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतलं दुसरं अपत्य.

अशा आजारांत दिलं जाणारं अझाथायोप्रिनही कॅन्सरच्या संशोधनातून निघालं आणि आधी मूत्रपिंड प्रत्यारोपणात रुळलं. रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये लिंफोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आलं, २००६ मध्ये आमवातासाठी. अशी औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. आपल्याकडे टीबी घरोघरी माहीत असलेला आजार. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी भारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे सांगतात, तो टाळू नये.

ल्युपसमध्ये दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं घराणं मलेरियाचं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरियासाठी मेपाक्रिन दिलं जाई; १९५१ मध्ये पेज यांनी ते ल्युपसवर गुणकारी असल्याचं नोंदवलं, आणि पुढे त्याच्या जागी हे सौम्य औषध आलं. मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने लोकांनी त्याचा साठा केला, सरकारला चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी आणावी लागली, आणि ज्यांना ते रोज लागतं त्या ल्युपसच्या रुग्णांना एकेका पट्टीसाठी दुकानं पालथी घालावी लागली.