कन्स्ट्रेंट काढून टाकण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘एक्सेलमधील नोंदी भरताना डेटाबेस एरर देतो, तेवढा चेक कन्स्ट्रेंट काढून द्याल का?’ अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. चेक कन्स्ट्रेंट म्हणजे ठरलेल्या अटीत न बसणारे मूल्य आत येऊ न देणारा, खुद्द डेटाबेसमध्ये लावलेला नियम.

जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या मॉडेलमध्ये (टेबलाचे कोडमधील वर्णन) एखाद्या फील्डला ‘प्रलंबित’, ‘मंजूर’ आणि ‘रद्द’ असे चॉइसेस (निवडीचे पर्याय) दिले, की डेटाबेसही तेवढीच मूल्ये स्वीकारेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती यादी फॉर्म आणि ॲडमिनमधून (जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांवरून) भरलेल्या नोंदींनाच लागू पडते. कोडमधून केलेले ‘सेव्ह’, ‘अपडेट’, ‘बल्क क्रिएट’ किंवा डेटाबेसवर थेट चालवलेली एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आज्ञा तिला विचारतही नाही. चॉइसेस बदलल्यावर मायग्रेशनची (डेटाबेसच्या रचनेतील बदल नोंदवणारी) फाइल तयार होते खरी, परंतु तिने टेबलात काहीच बदलत नाही. रेल्स या दुसऱ्या वेब-फ्रेमवर्कमधील ‘अपडेट कॉलम्स’ ही आज्ञासुद्धा व्हॅलिडेशन (कोडमधील तपासणी) वगळूनच लिहिते. म्हणूनच आम्ही प्रत्येक प्रकल्पात कन्स्ट्रेंट घालतो. जँगोत ही सोय २.२ पासून आणि रेल्सच्या मायग्रेशनमध्ये ६.१ पासून आहे.

सर्वाधिक वेळ जातो तो कन्स्ट्रेंट परस्पर काढून नोंदी भरल्यावर. पुढे तो पुन्हा लावू गेल्यास डेटाबेस नकार देतो, कारण मधल्या काळात ‘रद्द’च्या शेवटी एक रिकामी जागा असलेल्या, डोळ्यांना अचूक दिसणाऱ्या नोंदी आत शिरलेल्या असतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘नॉट व्हॅलिड’ (जुन्या नोंदी न तपासता) म्हणून कन्स्ट्रेंट लावून नव्या नोंदींना लगेच अटकाव करता येतो आणि जुन्या सवडीने दुरुस्त करता येतात. तरीही प्रत्येक चुकीच्या नोंदीचा मूळ अर्थ काय होता, हे तुम्हालाच सांगावे लागते.

दोन बारकावे आहेत. मूल्य नल (म्हणजे भरलेलेच नाही असे) असेल, तर चेक कन्स्ट्रेंट ते अडवत नाही, म्हणून आम्ही सोबत ‘नॉट नल’ही लावतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस ८.०.१६ या आवृत्तीपूर्वी चेक वाचून मुकाट्याने सोडून देत असे, त्यामुळे काम घेताना आम्ही सर्व्हरची आवृत्ती विचारतो; ती चौकशी अनाठायी नसते.

नव्या मूल्यासाठी प्रत्येक वेळी मायग्रेशन लागते, ही तक्रार रास्त आहे. यादी वरचेवर बदलणार असल्यास आम्ही मूल्यांचे वेगळे टेबल करून फॉरेन कीने (त्या टेबलात असलेलीच मूल्ये स्वीकारणाऱ्या दुव्याने) जोडून देतो, म्हणजे नवे मूल्य तुम्हीच ॲडमिनमधून वाढवू शकता. एरवी मोठी फाइल भरण्याआधी आमच्याकडे पाठवावी. देखभाल करारात ती तपासून देण्याचे काम धरलेलेच आहे.