दुसऱ्या वाचनात नवं काय सापडतं?

कथेचा शेवट आधी कळला की वाचण्यातली मजा संपली, असं आपण धरूनच चालतो. 2011 साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा घेऊन हे तपासलं. काही वाचकांना शेवट आधीच सांगितला. सरासरीने त्यांनाच कथा जास्त आवडल्या. पुढच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष याच्या उलटही आले, त्यामुळे याला नियम म्हणता येणार नाही. तरी ‘पुढे काय?’ या एका प्रश्नावर वाचनाचा सगळा आनंद उभा नाही, हे त्यातून दिसतं.

पहिल्या वाचनात मेंदू कमालीचा गुंतलेला असतो. कोण कोणाचा कोण, आता आपण कुठे आहोत, मघाचा उल्लेख कशाचा होता, हे सगळं जुळवायचं असतं आणि आपली कार्यकारी स्मृती एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी धरून ठेवते. या धांदलीत भाषा निसटून जाते. जॅकलिन सॅक्स यांनी 1967 मध्ये लोकांना उतारे ऐकवले आणि त्यातलंच एक वाक्य थोडं बदलून पुन्हा समोर ठेवलं. अर्थ बदलला असेल तर लोक तो ओळखत. पण नुसती शब्दरचना बदलली असेल, तर अर्ध्या मिनिटाच्या आतच ती त्यांच्या लक्षात येईनाशी होई. आशय राहतो, शब्द जातात. म्हणून ज्या पुस्तकाचा जीव त्याच्या वाक्यांत आहे, ते एकदाच वाचून बाजूला ठेवणं मला फार मोठं नुकसान वाटतं.

वाचणाराही तोच राहत नाही. याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट यांच्या 1978 च्या प्रयोगात आहे. शाळा बुडवून एका घरी गेलेल्या दोन मुलांची ती साधी गोष्ट. काहींनी ती घर विकत घेणाऱ्याच्या नजरेने वाचली, काहींनी चोराच्या. एकांना गळकं छप्पर आठवलं, दुसऱ्यांना मौल्यवान वस्तू. मग, गोष्ट पुन्हा न दाखवताच, नजर बदलायला सांगितली, तेव्हा आधी न आठवलेले तपशील त्यांना आठवू लागले! नुसत्या आठवणीत जर इतका फरक पडतो, तर मधल्या काळात आई किंवा बाप झालेल्या, जवळचं माणूस गमावलेल्या वाचकाने तीच कादंबरी पुन्हा उघडल्यावर केवढा पडत असेल! अर्थात त्या नव्या नजरेला टिपण्यासारखं काही लेखकाने पानांत पेरलेलं हवं.

परीक्षेच्या तयारीला मात्र नुसतं पुन:पुन्हा वाचणं फारसं कामाचं नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं ते पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या.

आणि नुसत्या परिचयाने गोडी वाढते, असंही नाही. लीड्स विद्यापीठातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना समीक्षकांनी सुमार ठरवलेला अमेरिकन चित्रकार थॉमस किंकेड आणि नावाजलेला इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले या दोघांची चित्रं काही आठवडे कमी-जास्त वेळा दाखवली. किंकेडची चित्रं जितकी जास्त वेळा पाहिली, तितकी ती कमी आवडू लागली; मिलेंच्या बाबतीत तशी घसरण झाली नाही. चित्र आणि पुस्तक यांत फरक आहे, पण पुस्तकांचंही असंच होत असावं असं मला वाटतं. जिथे पहिल्या भेटीतच सगळं हाती लागतं, तिथे परत गेल्यावर उणिवाच आधी दिसतात.