हार्ड डिस्कचा सरवा

मावसभावाचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. "दादा, ती बाहेरून लावायची हार्ड डिस्क दिसते, पण फोल्डर उघडायला गेलं की पाच-पाच मिनिटं नुसतं गोल फिरत बसतं. विंडोज विचारतंय दुरुस्त करू का. करू ना?"

"अजिबात नको. आधी बंद कर ती."

त्याला हे चमत्कारिक वाटलं. दुरुस्तीला नाही कोण म्हणतं? पण विंडोजची ही दुरुस्ती डिस्कच्या यंत्रातला बिघाड काढत नाही. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची एक वही डिस्कवर असते. त्या वहीत मेळ बसत नसला की तो बसवायचा, एवढंच तिचं काम. जे पान वाचता येत नाही, त्यावरच्या नोंदी ती बिनदिक्कत काढून टाकते. धडधाकट डिस्कवर हे ठीक आहे. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, तर ते पान कदाचित दहाव्या प्रयत्नाला वाचता आलं असतं. शिवाय या सगळ्या घालमेलीत डिस्क तासन्‌तास राबते ती वेगळीच.

राबते म्हणजे काय, ते पाहण्यासारखं आहे. डेस्कटॉपमधल्या डिस्कची चकती मिनिटाला 7200 फेरे घेते. तिची कड ताशी 120 किलोमीटरच्या पुढे धावत असते. तिच्यावरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, चकतीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधली फट जेमतेम काही नॅनोमीटरची. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. हेड एकदा चकतीला घासलं की चुंबकीय थर खरवडला जातो. त्याची भुकटी आत फिरते आणि पुढचे ओरखडे तीच पाडते. म्हणून खराब डिस्क चालू ठेवली की ती जास्त खराब होते. तिच्याकडे वाचनाचे मोजके श्वास उरलेले असतात, आणि ते कशावर खर्च करायचे हाच डेटा वाचवण्यातला खरा प्रश्न.

डिस्क टक-टक वाजत असेल तर मात्र घरी काहीच करू नये. हेडला चकतीवरच्या मार्गखुणा सापडत नाहीत, म्हणून त्याचा दांडा जागेवर परततो आणि पुन्हा झेप घेतो. तो आवाज त्याचा. यावर इलाज म्हणजे धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून हेड बदलणं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय अजूनही कुणी ना कुणी सुचवतो. बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरतं, ते कुणी सांगत नाही. खालची हिरवी सर्किटपट्टी तशाच दुसऱ्या डिस्कची लावून पाहणं हा दुसरा लाडका उपाय. पूर्वी तो चालायचाही. आता त्या पट्टीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात जुळवलेली मापं असतात. ती चिपही हलवावी लागते.

प्रयोगशाळेत काय साधू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण दुःखद आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयान टेक्सासवर फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. यानात झेनॉन वायूच्या चिकटपणाचा एक प्रयोग होता आणि त्याची मोजमापं 400 एमबीच्या डिस्कवर होती. ही डिस्क काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्यात सापडली तेव्हा ती जळून काळी पडलेली होती. आतलं सील वितळलं होतं, धूळ शिरली होती. ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी चकत्या धुऊन नव्या खोक्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के डेटा काढला. 2008 मध्ये त्यावरचा शोधनिबंधही छापून आला. कौशल्याबरोबर नशीबही होतं. डिस्क निम्मीच भरलेली होती, यंत्रणा डॉस या जुन्या प्रणालीची असल्यामुळे डेटा विखुरलेला नव्हता, आणि खड्डे पडले ते रिकाम्या भागात.

भावाची डिस्क वाजत नव्हती, नुसती अडखळत होती. अशा वेळी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातलं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन कामाला येतं. आन्तोनियो दियाझ दियाझ यांनी ते 2004 मध्ये आणलं. त्याला फाइली कळत नाहीत. ते डिस्क पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे तिच्यावरच्या छोट्या कप्प्यापासून, शेवटच्या सेक्टरपर्यंत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवतं. त्याची हुशारी आहे ती क्रमात. साधी कॉपी खराब जागेशी अडून बसते आणि डिस्क तिथेच दम तोडते. डीडीरेस्क्यू अडलं की ती जागा सोडून पुढे उडी मारतं. पहिल्या फेरीत सोपं पीक कापून घरात आणायचं. मग उलट्या दिशेने यायचं. मग सोडलेल्या पट्ट्यांच्या कडा छाटत आत सरकायचं. अगदी शेवटी एकेक सेक्टर वेचायचा. कापणी झालेल्या शेतात गळालेली कणसं वेचतात त्याला आपल्याकडे सरवा म्हणतात, हा तसलाच प्रकार. काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा ते एका फाइलीत लिहीत जातं. त्यामुळे मधेच थांबवून डिस्कला विश्रांती देता येते. फाइली शोधायच्या त्या नंतर, या प्रतीवर. दुरुस्तीची हौसही तिथेच भागवावी.

"पण डिस्कने आधी सांगितलं का नाही?" भावाने विचारलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. पण गूगलने 2007 मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. त्यात बंद पडलेल्यांपैकी 36 टक्क्यांहून जास्त डिस्कच्या नोंदींत, तापमान सोडलं तर, कसलीच खूण नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक न दिसलेल्या डिस्कच्या 39 पट होती. म्हणजे नोंद वाईट असेल तर विश्वास ठेवायचा, चांगली असेल तर ठेवायचा नाही.

त्याची डिस्क दोन रात्री आणि एक दिवस चालली, मधूनमधून थांबवत. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं, ते काही तासांत. उरलेला सगळा वेळ शेवटच्या काही एमबींसाठी गेला. त्यातला थोडा भाग आलाच नाही. तो कुणाचा, ते नकाशावरून शोधलं: लग्नाचा व्हिडिओ. मंगलाष्टकांत तिसऱ्या कडव्याला चित्र दोन सेकंद गोठतं, आवाज चालू राहतो.